दोन डॉलर तेरा सेंट

टेक्सासमधल्या हॉटेलात जेवण वाढणाऱ्या वेटरला मालकाने तासाला कमीत कमी किती पगार द्यावा? कायद्याचं उत्तर आहे २ डॉलर १३ सेंट. पहिल्यांदा वाचताना छपाईची चूक वाटते, पुढचा एखादा आकडा गळाला असेल असं वाटतं. गळालेला नाही. हा दर १९९१ सालचा आहे आणि तेव्हापासून तो एका सेंटानेही हललेला नाही. १९९१ म्हणजे आपल्याकडे मनमोहन सिंग अर्थमंत्री झाले ते साल. नंतर अमेरिकेत घरभाडं वाढलं, कॉलेजची फी वाढली, बर्गर महागला. वेटरचा हा दर मात्र जिथे होता तिथेच बसून आहे.

मग वेटरचं भागतं कसं? उरलेला पगार गिऱ्हाईक देतं. अमेरिकेत इतर कामगारांची केंद्रीय किमान मजुरी तासाला ७ डॉलर २५ सेंट आहे. वेटरच्या बाबतीत कायदा मालकाला सवलत देतो: तू २.१३ दे, बाकीचे ५.१२ टिपेतून आले असं आपण धरू. टीप तेवढी जमली नाही तर फरक मालकाने भरायचा, हेही कायद्यात आहे; प्रत्यक्षात तो मागायची हिंमत किती वेटरांना होत असेल, याचा अंदाज कुणीही करावा. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांनी ही सवलत मालकांना दिलेलीच नाही. इतर काही राज्यांनी दर थोडा वर नेलाय. टेक्सास, जॉर्जिया अशा बऱ्याच राज्यांत मात्र आजही २.१३ चालतं.

डॅलसला लेकीकडे गेलेले बाबा बिलाच्या तळाशी छापलेले १८, २०, २२ टक्के पाहून बिचकतात. ‘जेवणाचे पैसे दिले ना आपण?’ असं विचारतात. लेक हळू आवाजात ‘बाबा, इथे द्यायचीच असते’ म्हणते आणि पटकन सही करून मोकळी होते. बाबांना ती बक्षिसी वाटते, लेकीला रीतभात वाटते. खरं तर ते दोघं मिळून त्या वेटरचा पगार करत असतात.

मला या सगळ्यात थक्क करतं ते हे की टेबलाशी माणसं दोनच दिसतात, एक देणारा आणि एक घेणारा. मामला दोघांतलाच वाटतो. पण टीप किती, कधी आणि कुणाच्या खिशात, हे त्या दोघांच्या हातात फारसं नसतं. कुणी तिसराच ते ठरवून गेलेला असतो आणि कधी कधी त्याला जाऊनही शंभर वर्षं झालेली असतात.

आधी आपल्या मनातली एक समजूत तपासून पाहू. चांगली सेवा मिळाली की माणूस जास्त टीप देतो, असं आपण धरून चालतो. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकल लिन यांनी सगळी हयात या एका प्रश्नामागे घालवली. २००० साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर तोपर्यंतचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. गिऱ्हाइकांनी सेवेला दिलेले गुण आणि त्यांनी ठेवलेली टीप यांचा संबंध निघाला खरा, पण इतका क्षीण की टिपांमधल्या कमी-जास्तीपैकी दोन टक्केसुद्धा सेवेच्या दर्जाने समजावून सांगता येईनात. वेटर घाम गाळतो त्याचा हिशोब दोन टक्क्यांत!

उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कशात आहेत ते शोधताना संशोधकांनी मोठ्या गमतीचे प्रयोग केले. फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात बिलाच्या मागे हसऱ्या चेहऱ्याचं चित्र काढून द्यायला सांगितलं. वेट्रेसने काढलं तर टीप सुमारे २८ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेली. पुरुष वेटरने तेच चित्र काढलं तर काहीच फायदा झाला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात बिलाबरोबर चॉकलेट-गोळ्या दिल्या. गोळी नसताना टीप १९ टक्क्यांच्या आसपास होती. वेटरने एक गोळी दिली, वळून निघाला, मग काहीतरी आठवल्यासारखं करून परत आला आणि आणखी एक दिली, तेव्हा ती २३ टक्क्यांपर्यंत गेली. दोन गोळ्या एकदम दिल्या तेव्हा मात्र वाढ याहून कमी होती. गोळ्या तेवढ्याच, फरक त्या परत वळण्याचा. आपल्याकडे बिलासोबत बडीशेप आणि खडीसाखर ठेवण्याची पद्धत ज्याने कुणी सुरू केली, त्याला हे कॉर्नेलला न जाताच ठाऊक असणार.

पण सगळ्यात भन्नाट प्रयोग नेदरलँड्समधला. वेट्रेसने गिऱ्हाइकाची ऑर्डर ऐकून नुसतं ‘हो’ म्हणायचं, की ऑर्डर शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायची? परत म्हणणाऱ्या वेट्रेसला मिळालेली सरासरी टीप जवळजवळ दोन तृतीयांशाने जास्त निघाली. उडुपी हॉटेलात ‘एक मसाला, एक साधा, दोन कॉफी, एक कम शक्कर’ असं एका दमात म्हणून दाखवणारा अण्णा डोळ्यांपुढे आला की हा निष्कर्ष लगेच पटतो. आपण सांगितलेलं कुणीतरी नीट ऐकलं, याचं माणसाला केवढं अप्रूप असतं!

तर टेबलावर एवढंच घडतं. चित्र, गोळी, शब्द. पण मुळात १५ टक्के का, २० का, आणि हे आकडे वर का सरकतात? अमेरिकेत १९२२ साली एमिली पोस्टबाईंनी शिष्टाचारावरचं आपलं गाजलेलं पुस्तक लिहिलं, तेव्हा हॉटेलातल्या टिपेचा सर्वसाधारण दर १० टक्के होता. पुढे तो १५ झाला आणि आता २० म्हणजे साधारण बरा, असं समजतात. हे विचित्र आहे. महागाई वाढली म्हणून रक्कम वाढली तर समजू शकतो, पण टक्केवारीला महागाईची भीती कशाला? जेवण दुप्पट महाग झालं की दहा टक्केही आपोआप दुप्पट होतात. टक्का वाढायचं कारणच नाही, तरी तो वाढला. अर्थशास्त्रज्ञांचं एक स्पष्टीकरण मला पटतं. बहुतेकांना चारचौघांपेक्षा किंचित जास्त उदार दिसायचं असतं, कंजूष तर कुणालाच दिसायचं नसतं. पण सगळेच सरासरीच्या किंचित वर गेले की सरासरीच वर जाते. दहीहंडीच्या थरांसारखं आहे हे: शेजारच्या पथकाने एक थर वाढवला की आपल्यालाही वाढवावा लागतो, आणि मग खाली यायची सोयच उरत नाही.

आता त्या तिसऱ्या माणसाकडे येऊ. टीप ही मूळची अमेरिकी पद्धत नव्हे. यादवी युद्धानंतर युरोपची सहल करून आलेले श्रीमंत अमेरिकी ही सवय घेऊन परतले, आणि तेव्हा अनेकांना ती शिसारी आणणारी वाटली. सगळे समान म्हणवणाऱ्या देशात एकाने हात पसरायचा आणि दुसऱ्याने त्यावर नाणं टाकायचं, हे काय? १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने टीप देण्याघेण्यावर चक्क बंदी घातली. पाठोपाठ मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, टेनेसी आणि साउथ कॅरोलायना. कायदे कागदावर राहिले, पाळले कुणी नाहीत, आणि १९२६ पर्यंत ते सगळे गुंडाळले गेले. ज्या युरोपातून टीप आली, तिथे पुढे फ्रान्सने १९८७ मध्ये सेवेचे पैसे मेन्यूतल्या किमतीतच धरणं बंधनकारक केलं. म्हणजे आज पॅरिसला गेलेला अमेरिकी माणूस तिथल्या टेबलावर वीस टक्के ठेवतो तेव्हा फ्रेंच वेटरला गालातल्या गालात हसू येत असेल.

अमेरिकेत ही बंदी का टिकली नाही, ते कळायला रेल्वेत बसावं लागतं. जॉर्ज पुलमन यांची कंपनी १८६७ पासून शयनयानांचे डबे चालवत होती. गाद्या, पडदे, गरम पाणी, सगळा थाट. डब्यात सेवेला त्यांनी कोण ठेवले? नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष. प्रवासी त्यांना नावाने हाक मारत नसत. मालकाचं नाव जॉर्ज, म्हणून सगळेच ‘जॉर्ज’. बिछाने घालणं, सामान चढवणं-उतरवणं, आणि प्रवासी झोपल्यावर त्यांचे बूट गोळा करून रात्रीतून चकचकीत करणं. त्या बुटांचं पॉलिश या माणसाने स्वतःच्या पैशाने आणायचं. झोप मिळाली तर तीन-चार तास. काम महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल. आणि पगार? १९१५ साली सरकारी आयोगापुढे चौकशी झाली तेव्हा तो महिना साडेसत्तावीस डॉलर असल्याचं पुढे आलं. हिशोब सरळ होता: बाकीचं टिपेतून मिळवा. त्या आयोगापुढे कंपनीच्या वतीने साक्ष द्यायला आलेले गृहस्थ पूर्वी या कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांचं नाव रॉबर्ट टॉड लिंकन. अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव!

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. गुलामांना मुक्त करणाऱ्या माणसाचा मुलगा, आणि त्याच्या कंपनीत त्या मुक्त झालेल्यांची पोरंबाळं पगारासाठी प्रवाशांच्या तोंडाकडे बघतायत. वेळेला अशी गाठ घालून द्यायला इतिहासच लागतो, कादंबरीकाराने घातली असती तर आपण त्याला हसलो असतो.

या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ मध्ये कंपनीकडून करार पदरात पाडून घेतला. महिन्याचे तास ४०० वरून २४० वर आले. हॉटेलांत मात्र असं काही झालं नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा आला तेव्हा हॉटेल कामगार त्यात नव्हतेच. १९६६ मध्ये त्यांना आत घेतलं, पण दार अर्धंच उघडलं: निम्मा पगार मालकाचा, निम्मा टिपेचा. १९९१ मध्ये किमान मजुरी ४.२५ होती, तिचे निम्मे म्हणजे आपले हे २.१३. पुढे १९९६ मध्ये संसदेने किमान मजुरी वाढवताना वेटरचा दर तिच्यापासून तोडून जागच्या जागी ठेवला. इतरांचा दर ७.२५ पर्यंत चढला, हा राहिला. पुलमनचा डबा कधीच रुळावरून उतरला, पण त्याचा हिशोब अजून चालूच आहे.

हे बदलायचं एखाद्या मालकाने मनावर घेतलं तर? न्यूयॉर्कचे नामांकित हॉटेलवाले डॅनी मायर यांनी घेतलं. २०१५ मध्ये त्यांनी आपल्या हॉटेलांतून टीप काढून टाकायला सुरुवात केली. किमती वाढवल्या आणि त्यातूनच सगळ्यांना नीट पगार द्यायचं ठरवलं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं: कायद्याने टिपेतला वाटा स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यांना देता येत नव्हता, त्यामुळे वाढणारा भरपूर कमवायचा आणि रांधणारा कमी. हेतू उत्तम. पण गिऱ्हाइकाला मेन्यूवरचा मोठा आकडा बोचला. शेजारच्या हॉटेलात तीच डिश स्वस्त ‘दिसायची’, टीप धरली की भाव सारखाच, पण ते कोण धरतो! चांगले वेटर टीप मिळणाऱ्या हॉटेलांत निघून गेले. जुलै २०२० मध्ये मायर यांनी टीप परत आणली. एका मालकाला एकट्याने या खेळातून बाहेर पडता येत नाही, हे त्यातून दिसलं.

आणि मग आला पडदा. गल्ल्यावरच्या टॅबलेटचा. २०१०च्या दशकात छोट्या दुकानांत कार्डाचं यंत्र जाऊन टॅबलेट आला. तुम्ही साधी कॉफी घेता, काउंटरवरची मुलगी टॅबलेट तुमच्याकडे फिरवते, त्यावर तीन ठळक चौकोन: १८, २०, २५. ‘टीप नाही’ असतं, पण खाली, बारीक. मागे रांग, समोर ती मुलगी. तिथे वेटर नाही, वाढणं नाही, टेबलही नाही; पूर्वी तिथे टीप कुणी मागत नसे. चौकोन आला आणि प्रश्न जन्माला आला. २०२३ मध्ये प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत ७२ टक्के अमेरिकी प्रौढांनी सांगितलं की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टीप अपेक्षित असते. त्याच पाहणीत, बसून केलेल्या साध्या जेवणावर १५ टक्के किंवा त्याहून कमीच ठेवू, असं म्हणणारे निम्म्याहून जास्त होते. म्हणजे ते चौकोन १८ वरून सुरू होतात आणि माणसाच्या मनात अजून १५ आहे. मधला फरक वसूल करायचं काम रांग करते.

आपल्याकडे या तिसऱ्याची जागा फार वर्षं गल्ल्यावरच्या शेटजींकडे होती, आणि त्यांची कला मला त्या टॅबलेटपेक्षा सरस वाटते. बिल ब्याऐंशी रुपये झालं, तुम्ही शंभराची नोट दिली, तर परत अठरा यायचे. ते कसे? कसलेला शेटजी दहाची नोट, एक पाचचं नाणं, एक दोनचं, एक रुपया असे मोडून द्यायचा. बशीत एका बाजूला बडीशेप, एका बाजूला हे पैसे. दहाची नोट तुम्ही उचलणार, हे त्याला ठाऊक. नाण्यांपाशी हात क्षणभर थांबणार, हेही ठाऊक. तेवढ्यात वेटर जरा लांब, खांबाला टेकून, दुसरीकडे बघत उभा. टक्केवारी नाही, सक्ती नाही. किती द्यायचं ते सुट्ट्या पैशांच्या आकारानेच ठरायचं. बिल हजाराचं असो की ऐंशीचं, बशीत राहायचं ते बहुधा सुट्यांतलं उरलेलंच.

२०१६ मध्ये यूपीआय आलं, ते चालवणारी संस्था मुंबईचीच, आणि या बशीचं कामच संपलं. ब्याऐंशीचे ब्याऐंशी जातात, गल्ल्यावरचा बोलका डबा मोठ्याने ‘ब्याऐंशी रुपये प्राप्त हुए’ सांगतो. परत येणारं काहीच नाही, मग ठेवणार काय? यूपीआयचे व्यवहार आता महिन्याला २,००० कोटींच्या घरात गेलेत. त्यातल्या हॉटेलांच्या बिलांमागे किती वेटरांची चिल्लर विरून गेली, ते कुठे मोजलेलं नाही. शिवाय क्यूआर कोड मालकाचा. तुम्ही ब्याऐंशीऐवजी शंभर भरले तरी वरचे अठरा मालकाच्या खात्यात. काही ठिकाणी वेटर अदबीने आपला स्वतःचा मोबाइल पुढे करतो. पण खांबाला टेकून दुसरीकडे बघण्यात जो आब होता, तो स्वतःचा कोड दाखवण्यात नाही. मागावं लागलं की चित्रच पालटतं, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही बाजूने.

मोठ्या हॉटेलांनी वेगळी वाट धरली: बिलातच पाच-दहा टक्के सेवाशुल्क, आणि वर त्या शुल्कावरही जीएसटी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी, हे शुल्क बिलात आपोआप लावता येणार नाही, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सूचना योग्य ठरवून दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्च भरायला सांगितलं. गिऱ्हाइकाने स्वखुशीने दिलं तर ठीक, न विचारता लावायचं नाही. गंमत अशी की त्याच वर्षी ४ जुलैला अमेरिकेत वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपेला प्राप्तिकरातून सूट देणारा कायदा झाला, आणि त्यातही रेघ तिथेच ओढलेली आहे: स्वखुशीची टीप असेल तर सूट, बिलात सक्तीने लावलेलं शुल्क असेल तर नाही. त्या टॅबलेटसमोर, मागे रांग असताना दाबलेला २० टक्क्यांचा चौकोन स्वखुशीचा मानायचा की कसा, हे मात्र वकिलांनी ठरवावं.

राहिला घरी जेवण आणून देणारा. तो आता आपला सगळ्यात नेहमीचा वेटर आहे आणि त्याची टीप अ‍ॅपच्या पडद्यावर ठरते. ऑर्डर देतानाच २०, ३०, ५० असे चौकोन येतात, एकावर ‘बरेच जण हेच देतात’ अशा अर्थाची खूणही असते. म्हणजे अमेरिकेतली सगळी युक्ती इथे हजर आहे. फक्त समोर माणूस नाही आणि मागे रांग नाही. परिणाम? झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार टीप पडते ती सुमारे पाच टक्के ऑर्डरींवर, आणि ती सगळी त्या मुलांना दिली तरी तासाला सरासरी २ रुपये ६० पैसे होते. अर्थात पावसात भिजून चौथा मजला चढून आलेल्या पोराच्या हातावर दारातच कुणी वीसची नोट ठेवली, तर ती या सरासरीत येत नाही. अ‍ॅपला ती दिसतच नाही.